तुमच्यासारख्या बाई आता राहिल्या नाहीत म्हणे

गेल्या आठवड्यात रस्त्यात एक गृहस्थ भेटले. लांबूनच हात जोडले, गाडी कडेला घेतली. "बाई, ओळखलंत का?" ओळखलं. न ओळखून सांगते कुणाला! चार वर्षांपूर्वी सहामाहीच्या पेपरातल्या दोन मार्कांसाठी यांनी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत अर्धा तास उभं केलं होतं. पालकांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं तेही नंतर कुणीतरी आवर्जून दाखवलं होतं मला. आता मात्र चेहऱ्यावर अगदी भक्तिभाव. "तुमच्यासारख्या बाई आता राहिल्या नाहीत हो. आमच्या धाकटीला आता जी टीचर आहे ना..." आणि मग त्या टीचरच्या तक्रारींचा पाढा सुरू झाला.

ती टीचर नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पेपर तपासत होती. माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, तो माझा कोतेपणा.

निवृत्त होऊन मला आठ महिने झाले. ३३ वर्षं गणित शिकवलं. या आठ महिन्यांत जेवढे नमस्कार मिळाले तेवढे त्या ३३ वर्षांत मिळाले नव्हते, आणि याचा आनंद व्हायचा सोडून मला हल्ली रागच येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांना शिक्षकांबद्दल आदर नाही हे खोटं आहे. भरपूर आदर आहे. फक्त तो त्यांना स्वतःला शिकवलेल्या शिक्षकाबद्दल आहे. मुलाला आज शिकवणाऱ्या बाईचं खातं वेगळं. तिथे संशय, हिशेब आणि स्क्रीनशॉट. ती बाई निवृत्त झाली किंवा मूल पुढच्या शाळेत गेलं की तिला एका रात्रीत त्या पहिल्या खात्यात टाकतात.

असं का होत असेल यावर मी बराच विचार केला आहे. (आता वेळच वेळ आहे.) डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक फार नेमकी गोष्ट मांडली होती. शाळा संपेपर्यंत प्रत्येक माणसाने शिक्षकाला काम करताना जवळजवळ १३,००० तास पाहिलेलं असतं. दुसरा कुठला व्यवसाय एवढा वेळ कुणी बघत नाही. म्हणून शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. पण हे सगळं बघितलेलं असतं बाकावर बसून. काल रात्री बाईंनी त्या धड्याचं काय केलं, कुठलं उदाहरण टाकून दिलं, कुणाला मुद्दाम प्रश्न विचारला आणि कुणाला मुद्दाम विचारला नाही, हे बाकावरून दिसत नाही. सर्जनचं बरं असतं, त्याच्या पेशंटला भूल दिलेली असते. आमचे पेशंट दहा-बारा वर्षं टक्क जागे राहून बघत असतात आणि मोठे झाले की सल्ला द्यायला येतात.

"सुट्ट्या किती असतात तुम्हाला!" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं.

ताण म्हणजे काय, हे शिक्षकेतर माणसाला सांगणं अवघड आहे, कारण वर्गात कधीच एक मोठी गोष्ट घडत नाही. बारीकसारीक घडत राहतं. मी फळ्यावर समीकरण लिहितेय. पाठीमागे कुजबुज आहे, ती अभ्यासाची की भांडणाची हे आवाजावरून ओळखायचं. तिसऱ्या रांगेतली मुलगी आज वही उघडत नाहीये, घरी काही झालंय का? एकाने बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने दिलं, त्याला शाबासकी द्यायची की थांबवायचं? दारात शिपाईदादा परिपत्रक घेऊन उभे. घड्याळात सात मिनिटं उरलीत. हे सगळं एका मिनिटातलं. फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षण-अभ्यासकाने १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की प्राथमिकच्या वर्गातल्या शिक्षकाचे दिवसाला हजारापर्यंत संवाद-व्यवहार होतात. मी माध्यमिकची, माझे थोडे कमी धरा. तरी संध्याकाळी घरी आल्यावर "भाजी कुठली करायची" या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी बुद्धी शिल्लक नसायची. नवऱ्याला वाटायचं मी चिडलेय. मी चिडलेली नसायचे, माझा निर्णयांचा कोटा संपलेला असायचा.

आणि शरीर. शिक्षकाच्या शरीराबद्दल कुणी बोलतच नाही. ऑफ तास बदली तासात गेला की सकाळी घरून निघाल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत बाथरूमला जायची सोय नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. पाणी कमी म्हणून घसा कोरडा, आणि त्याच घशावर दिवसाला पाच-सहा तास. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत शिक्षक आणि इतर लोक यांची तुलना केलेला एक अभ्यास २००४ मध्ये आला होता. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर लोक २८.८ टक्के. सरळ दुप्पट. माझा आवाज दोनदा पूर्ण बसला. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलं, मी तीन दिवसांनी वर्गात गेले, कारण पोर्शन राहिला होता. तेव्हा ते मला कर्तव्य वाटलं होतं. आता मूर्खपणा वाटतो.

पण खरा ताण याहून वेगळा. 'बर्नआउट' हा शब्द हल्ली कुणीही कशालाही वापरतं. १९७०च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ त्यावर काम करत आहेत. क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे तीन भाग सांगितले. पहिला, आतून रिकामं होणं. दुसरा, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दल कोरडं होणं. तिसरा, आपल्या हातून काही होतच नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. म्हणजे दोष माणसाच्या मनात कमी आणि कामाच्या रचनेत जास्त, असं मी त्यातून समजते. थकवा ओळखता येतो. दुसरा भाग फसवा. माझ्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी तो आला. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांची नावं मला दिवाळीची सुट्टी लागली तरी पाठ नव्हती. 'सतरा नंबर', 'खिडकीजवळचा', 'तो गोंधळी'. एका मुलाने सलग आठवडाभर गृहपाठ आणला नाही, मी रोज लाल शेरा मारला आणि एकदाही विचारलं नाही का ते. त्याचे वडील वारले होते. अख्ख्या शाळेला माहीत होतं. वर्गशिक्षिका मी, आणि मलाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. आदर्श शिक्षकाच्या गोष्टीत असलं काही बसत नाही ना. त्या गोष्टीतला शिक्षक दिव्यासारखा जळतो आणि दुसऱ्याला उजेड देतो. मला ती उपमाच आवडत नाही. जळणाऱ्या माणसाला तेल कुणी घालायचं याबद्दल त्यात एक शब्द नाही.

५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन असतो, १९९४ पासून. तारीख तीच का, तर १९६६ मध्ये त्या दिवशी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र मंजूर करून घेतलं. ते मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाचलं, आधी वाचायला हवं होतं. त्यात 'दर्जा' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिचे दोन पाय आहेत. एक, समाज शिक्षकाला देतो तो मान. दुसरा, कामाची परिस्थिती, पगार आणि इतर लाभ, तेही इतर व्यवसायांच्या तुलनेत. कामाचे तास ठरवताना विद्यार्थी किती, तयारीला आणि तपासायला वेळ किती लागतो, हेही धरा म्हणतात. निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराशी जोडलेलं असावं, म्हणजे शिक्षकाला नीट जगता येईल, असंही त्यात आहे. साठ वर्षं होत आली. आपण त्यातला पहिला पाय तेवढा उचलला, तोही वर्षातून एक दिवस. मान दिला की तपासायला वेळ द्यावा लागत नाही. भाषण स्वस्त पडतं.

शिक्षकांना हे कळत नाही असं नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या 'टॅलिस' या शिक्षकांच्या सर्वेक्षणात सदस्य देशांतल्या सरासरी २६ टक्केच शिक्षकांनी म्हटलं की समाजात आमच्या व्यवसायाची किंमत केली जाते. आणि त्याच सर्वेक्षणात दहातले नऊ जण म्हणाले की एकूण विचार करता आम्ही या नोकरीत समाधानी आहोत. या दोन आकड्यांत आमची सगळी जमात आली. आपली कदर होत नाही हे माहीत असूनही काम आवडणारी माणसं. अशा माणसांना राबवून घेणं सोपं जातं.

पण तेही आता संपत चाललंय. युनेस्कोच्या हिशेबाने प्राथमिक शिक्षकांचं व्यवसाय सोडून जाण्याचं जागतिक प्रमाण २०१५ ते २०२२ या काळात साडेचार टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर गेलं, आणि २०३० पर्यंत जगाला ४.४ कोटी नवे शिक्षक लागतील. आदराने पोट भरत असतं तर ही वेळ आली नसती.

निवृत्तीबद्दल लिहायचं ठरवून बसले होते आणि भलतीकडेच गेले. तसं सांगण्यासारखं फार नाही. पहाटे जाग येतेच. फोनवर बोलताना माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो, मुलगी म्हणते, "आई, मी एकटीच आहे इकडे." पहिले दोन महिने मला सारखी स्वप्नं पडायची, पेपर सुरू झालाय आणि प्रश्नपत्रिका माझ्याकडेच राहिल्यात. ती थांबली. पाणी भरपूर पिते. आणि एक मुलगा कधी कधी आठवतो, सतरा नंबर. आता तिशीचा असेल. त्याचं नाव मी नंतर पाठ केलं, आणि अजून विसरले नाही.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी विचारलं, "तुमच्या धाकटीच्या वर्गात मुलं किती आहेत?" त्यांना माहीत नव्हतं. "असतील बरीच," म्हणाले, आणि घाईत असल्यासारखं करून निघाले. जाताना पुन्हा हात जोडले.

रात्री त्या टीचरला फोन केला. काहीच विशेष कारण नव्हतं. नऊ वर्षांत न सांगितलेली ती गोष्ट सांगायची होती, ती सांगितली. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" मग थोडं बोलली. त्याच पालकांबद्दल. शेवटी विचारलं, "हे कमी कधी होतं?"

"रिटायर झालीस की."

ती हसली. "म्हणजे अजून सतरा वर्षं. ठेवते आता बाई, बावन्न वह्या राहिल्यात."