प्रायमरी आणली की घराणेशाही गेली? कोण म्हणतं!

"अमेरिकेत तिकीट हायकमांड देत नाही. पक्षाचे मतदारच प्रायमरीत मत देऊन उमेदवार ठरवतात. म्हणून तिथे घराणेशाही नाही, बंडखोरी नाही, पैशाचा खेळ नाही." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर शेरा: 'न्यू जर्सीकडून शिका.' बरं काका, न्यू जर्सीच घेऊ.

तिथल्या २१ पैकी १९ काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांत म्हणा, कित्येक दशकं 'काउंटी लाइन' चालली. काउंटीच्या पक्षनेत्यांनी ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला ते सगळे, सिनेटरपासून आमदार आणि पार नगरसेवकापर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रकान्यात एकाखाली एक. न विचारता उभा राहिलेला बिचारा कुठेतरी कडेच्या रकान्यात, मध्ये रिकाम्या चौकटी. त्या कोपऱ्याला तिथले लोकच 'सायबेरिया' म्हणत. मतदान खरं, मोजणी खरी, फक्त निम्मा निकाल छापखान्यात लागलेला! आपल्याकडे एबी फॉर्म वाटतात, तिथे रकाना वाटत होते. हे हायकमांड नाही तर काय?

आणि घराणेशाही नाही म्हणे! २०२४ च्या यूएस सिनेटच्या प्रायमरीत गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. आधी एकही निवडणूक लढवलेली नाही, तरी बड्या काउंट्यांचे पक्षाध्यक्ष लगेच पाठीशी. प्रतिस्पर्धी अँडी किम लाइनविरुद्ध थेट कोर्टात गेले. टॅमीबाईंनी माघार घेतली, आणि २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइनला मनाई केली. हा एक आदेश वाचला तरी मेसेजची हवा जाते. कायद्याने लाइन गेली ती मार्च २०२५ मध्ये.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की लाइन गेल्यावर फरक पडला. जून २०२५ च्या असेंब्ली प्रायमरीत रवी भल्ला आणि केटी ब्रेनन हे हडसन काउंटीच्या पक्षसंघटनेचा पाठिंबा नसताना जिंकले. पण त्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागली, ते मेसेजमध्ये नाही.

बंडखोरी? प्रायमरीत हरलेल्याला न्यू जर्सीत पुन्हा अपक्ष उभं राहता येत नाही, कारण कायदाच तसा आहे. कनेक्टिकटमध्ये तसा नाही, तिथे २००६ मध्ये जो लिबरमन प्रायमरी हरले आणि नोव्हेंबरमध्ये अपक्ष म्हणून सिनेटवर निवडूनही आले.

पैशाचं तर बोलूच नका. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, पदरचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले आणि तिसरे आले.

आणि एक राहिलंच. न्यू जर्सीत प्रायमरीत मत द्यायचं तर मतदाराच्या नोंदीत पक्ष लिहावा लागतो, आणि ती यादी उमेदवारांच्या हाती पडते. काका, गावच्या मतदारयादीत तुमच्या नावापुढे पक्ष छापलेला चालेल तुम्हाला?