मदतनीस ताई, जरा मागच्या बाकावर बसा

मी शॅडो टीचर म्हणून, म्हणजे नेहमीच्या वर्गात दिव्यांग मुलासोबत बसणारी मदतनीस म्हणून काम करते. या कामाबद्दल माझं एक ठाम मत आहे: मदतनीस मुलाला जितकी चिकटून बसते, तितकं ते मूल वर्गापासून लांब जातं. पालकांना हे ऐकायला कठोर वाटतं, मला कल्पना आहे. पण मी रोज वर्गात बसते आणि रोज हे बघते.

गणिताचा तास सुरू होतो. बाई म्हणतात, "वह्या काढा." तीस-चाळीस दप्तरांच्या चेनी एकदम वाजतात आणि माझा तिसरीतला ऑटिस्टिक (स्वमग्न) विद्यार्थी मात्र पंख्याकडे बघत बसलेला असतो. अशा वेळी हात शिवशिवतात. वही काढून समोर ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण मी काढत नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. पुष्कळदा तेवढ्यात तो शेजारच्या मुलाकडे बघतो आणि स्वतःच दप्तरात हात घालतो. नाहीच घातला तर बाकावर चिकटवलेल्या चित्रांपैकी वहीच्या चित्रावर मी बोट ठेवते. तरी जमलं नाही तर हळूच "वही" म्हणते. हात धरून करून घेणं अगदी शेवटी. आज बोलून सांगावं लागतंय ना, मग काही आठवड्यांनी नुसत्या खुणेवर भागलं पाहिजे आणि पुढे खूणही नको. सतत सगळं हातात मिळालेलं मूल हात पुढे करायचंच विसरतं, आणि मग आपण म्हणतो, "याला काही जमत नाही हो."

मधल्या सुट्टीत तर याहून जास्त जपावं लागतं. मुलं येऊन मला विचारतात, "ताई, हा खेळेल का आमच्याबरोबर?" मी सांगते, "मला नको, त्याला विचार." तो बोलून उत्तर देत नाही, पण चित्रांची दोन कार्डं समोर धरली की हवं ते उचलतो. वर्गातल्या एका मुलीला हे बरोबर कळलंय. ती आता माझ्याकडे बघतही नाही, थेट त्याच्यासमोर कार्डं धरते. मी डबा घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसते. मला त्या पाच मिनिटांचा जितका आनंद होतो, तितका त्याच्या पूर्ण झालेल्या वहीचा होत नाही.

हे काही माझ्या एकटीच्या मनातलं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मदतनीस सतत खेटून बसल्याने मूल परावलंबी होतं, सवंगडी दूर राहतात आणि वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी अंगावरून काढून टाकतात.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. "तुमच्या मुलाला जरा बाहेर घेऊन जा" असं शिक्षक मला म्हणतात. तो माझा कसा? हजेरीपटावर त्याचं नाव इतर मुलांसारखंच आहे, त्याला शिकवायचं बाईंनीच. यावर एक उपाय मला फार उपयोगी पडलाय. बाकी वर्ग उदाहरणं सोडवत असताना मी फिरून सगळ्यांच्या वह्या बघते आणि तेवढा वेळ बाई त्याच्याजवळ बसतात. त्यामुळे त्याला काय येतं हे बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मुलांनाही मी सगळ्यांचीच ताई वाटते आणि त्याच्यावरचा "हा वेगळा" हा शिक्का थोडा पुसट होतो.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलांच्या बाबतीत काम वेगळं असतं. लेखनिक म्हणून बसलात तर मुलाने सांगितलेलं वाक्यच उतरवायचं, चुकलं असेल तर चुकलेलंच. उत्तर सजवणं ही मदत नव्हे. बाथरूमला नेताना दार लावायचं, आणि अंगाला हात लावण्याआधी त्या मुलाला विचारायचं. "चला, याला सू करवून आणते" असं वर्गासमोर मोठ्याने म्हणणाऱ्या मदतनीस मी पाहिल्या आहेत. त्या मुलाला ऐकू येत असतं हो, आणि कळतही असतं.

पण दोष या बायकांना तरी कसा द्यायचा? शिकवलंय कुणी त्यांना? खाजगी शाळांत सर्रास पालकांनाच सांगतात, शॅडो तुम्ही शोधा, पगारही तुम्हीच द्या. मग शेजारपाजारची बारावी झालेली मुलगी येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसते. स्टाफरूममध्ये तिला खुर्ची नसते, शिक्षकांच्या मीटिंगला तिला बोलावत नाहीत, उद्या काय शिकवणार हे तिला कुणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा मदतनीस भत्ता असतो, तो मुलाला शाळेत ने-आण करण्यापुरता. दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेले विशेष शिक्षक असतात, पण एकेकाकडे कितीतरी शाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. आमच्या भागात तरी मला ते दिसत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम १६ मध्ये सरकारी अनुदानावरच्या आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्या शाळा येतात, खाजगीसुद्धा. मुलाच्या गरजेनुसार सोयी आणि आधार देणं हे त्यात शाळेचं काम म्हणून सांगितलंय. कलम १७ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. त्यामुळे पालकांनो, "शॅडो तुम्ही आणा" असं तोंडी सांगितलं तर मान डोलवून घरी येऊ नका. मुलाला कोणत्या तासाला, कशासाठी आणि किती मदत लागते, हे मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. दर तीन महिन्यांनी मदत कमी कशी करत आणणार, हेही त्यात विचारा. दाद लागली नाही तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. अर्ज लिहायला अडचण आली तर मला मेसेज करा, आपण मिळून लिहू.