'इमर्जिंग' हा देशाचा दर्जा नाही

शेअर बाजार पडला की बातमी ठरलेली असते: परदेशी गुंतवणूकदारांनी इमर्जिंग मार्केट्समधून, म्हणजे भारतासारख्या उदयोन्मुख बाजारांतून, पैसा काढला. बाजार वर गेला की कुणीतरी हमखास विचारतं, आपण 'इमर्जिंग'मधून 'डेव्हलप्ड'मध्ये कधी जाणार? विचारणाऱ्याच्या डोक्यात एक शिडी असते. खाली गरीब, मध्ये उदयोन्मुख, वर विकसित. म्युच्युअल फंडाचे फॉर्म भरायला माझ्याकडे येणारे बरेच जण ही शिडी गृहीत धरूनच बोलतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हा शब्द मुळात एक फंड विकण्यासाठी निघाला.

१९८१ साली अँटोइन व्हान अग्टमाएल हे डच गृहस्थ जागतिक बँकेच्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये होते. विकसनशील देशांच्या शेअर्समध्ये गुंतवणूक करणारा फंड काढायची त्यांची कल्पना होती. न्यूयॉर्कमधल्या बड्या गुंतवणूकदारांपुढे त्यांनी ती मांडली, तेव्हा फंडाचं नाव होतं 'थर्ड वर्ल्ड इक्विटी फंड'. कल्पना चांगली आहे, पण या नावाने हा फंड विकता येणार नाही, असं त्यांना तिथेच ऐकवण्यात आलं. मग त्यांनी शोधलेलं नाव म्हणजे 'इमर्जिंग मार्केट्स'. नाव बदलल्याने पैशाला वाट मिळाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भारतानेही १९९२ मध्ये परदेशी संस्थांना बाजाराचं दार उघडलं आणि त्याचा आपल्याला फायदाच झाला.

१९८८ मध्ये एमएससीआय या शेअर बाजारांचे निर्देशांक काढणाऱ्या कंपनीने याच नावाचा निर्देशांक काढला. आज जगभरचे फंड त्याच्याकडे बघून पैसा हलवतात. त्यातले बदल लागू होतात त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासातली उलाढाल बघा. निर्देशांकात कुठल्या शेअरचं वजन, म्हणजे वाटा, वाढला, कुणाचा घटला, तेवढ्यावर कोट्यवधींची खरेदी-विक्री होते. त्या दिवशी त्या कंपनीत काहीही घडलेलं नसतं.

आता दक्षिण कोरिया बघा. जगभर त्यांचे फोन, गाड्या, जहाजं जातात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी त्यांना प्रगत अर्थव्यवस्थांमध्ये धरतो, एफटीएसई या दुसऱ्या निर्देशांक कंपनीनेही त्यांना २००९ पासून विकसित बाजार मानलंय. एमएससीआयने मात्र इतकी वर्षं त्यांना 'इमर्जिंग'मध्येच ठेवलं. उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. वॉन या त्यांच्या चलनाचा व्यवहार देशाबाहेर मोकळेपणाने करता येत नाही, ही परदेशी गुंतवणूकदारांची जुनी तक्रार आहे. म्हणजे पैसा किती सहज आत नेता येतो आणि किती सहज बाहेर काढता येतो, यावर गाडी अडली. 'डेव्हलप्ड'साठी दरडोई उत्पन्नाची अट आहे हे खरं, आणि आपण त्या अटीपासून बरेच लांब आहोत हेही खरं. पण ती अट पूर्ण करूनही बाहेर राहता येतं, हे कोरियाने दाखवलं.

आणि शिडीवरून उलटंही येता येतं. युरो वापरणाऱ्या ग्रीसला एमएससीआयने २०१३ मध्ये 'डेव्हलप्ड'मधून 'इमर्जिंग'मध्ये उतरवलं. अर्जेंटिना २००९ मध्ये खालच्या 'फ्रंटियर' गटात गेला, २०१९ मध्ये परत वर आला आणि भांडवलावरच्या निर्बंधांमुळे २०२१ मध्ये दोन्ही गटांतून बाहेर पडला. या बारा वर्षांत तिथल्या माणसांचं जगणं तीनदा उलटंपालटं झालं, असं कुणी म्हणेल का?

आपल्या वर्तमानपत्रांत 'मार्केट' हा शब्द हळूच गळून पडतो. 'उदयोन्मुख बाजारपेठ'ची 'उदयोन्मुख अर्थव्यवस्था' होते, मग 'उदयोन्मुख राष्ट्र' होतं, आणि पुढारी तेच भाषणात प्रशस्तिपत्रासारखं वाचून दाखवतात. २८ जून २०२४ पासून जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या उदयोन्मुख बाजारांसाठीच्या रोखे निर्देशांकात भारताचे सरकारी रोखे घ्यायला सुरुवात झाली, दर महिन्याला एक टक्का असं करत दहा टक्क्यांपर्यंत. सरकारला कर्ज उभारायला त्याची मदत होते, म्हणून मला आनंदच झाला. पण आपल्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांबद्दल त्या निर्णयात एक अक्षर नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं.

अर्थविषयक बातम्या लिहिणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती, 'बाजार' हा शब्द गाळू नका. आणि दर्जा बदलल्याची बातमी देताना कोणत्या संस्थेने, कोणत्या निकषावर बदलला, ते दोन ओळींत तरी लिहा.