भाडेकरू का मालक?

वाद सुरू झाला एका कागदावरून. रविवारी सोसायटीची सभा, म्हणून गुरुजी जुनी फाइल पिशवीत घालून फिरत होते. बस थांब्यामागच्या पारावर टेकले, चहा येईस्तोवर फाइल उघडली आणि नोंदणीचं प्रमाणपत्र बापूच्या हातात दिलं. बापूनं ते लांब धरून, अक्षर अक्षर लावत वाचलं : वर्गीकरण, गृहनिर्माण संस्था. उपवर्गीकरण, भाडेकरू मालकी.

"आता हे काय बावा?" बापू म्हणाला. "भाडेकरू हाय का मालक हाय? चाळीस वर्सं झाले, अजून तुमचा निकाल नाई लागला?"

पारावर हशा पिकला. गुरुजी मात्र चिडले. ही सोसायटी त्यांच्या हातची. 1983 साली मास्तर, ग्रामसेवक, पोस्टातले, एसटीतले अशा 70 जणांनी मिळून 5 एकर वावर घेतलं, 2,000 फुटांचे प्लॉट पाडले, माणशी 1,500 रुपये पडले. माझ्या बाबांचाही त्यात एक प्लॉट होता. आणि वावर कोणाचं, तर बापूच्या बापाचं. एकरी 10 हजारानं दिलेलं. हे पारावर सगळ्यांना माहीत आहे आणि शक्यतो कोणी काढत नाही.

उत्तर दिलं ते इंजिनिअरनं. हा आमच्यातला सगळ्यात लहान. नागपुरात नगररचनेचं शिकतो, कापूस वेचणीच्या दिवसांत आईला मदत म्हणून गावी आला होता. तो म्हणाला, "बापूकाका, हा शब्द मंत्रालयात नाई जन्मला. इंग्लंडातून आला. सहकार कायद्याच्या नियमात दोन जाती हायेत. भाडेकरू मालकी म्हंजे जमीन सोसायटीची, घर ज्याचं त्याचं. अन् भाडेकरू सहभागीदारी म्हंजे जमीनही सोसायटीची, घरही सोसायटीचं. तुम्ही भाडं भरता, पण ज्या सोसायटीले भरता तिचे भागीदार तुम्हीच."

"म्हंजे सोताचं भाडं सोतालेच?" ठेकेदार म्हणाला. "लय झालं. खर्रा दे रे एक."

ठेकेदार म्हणजे आमचा प्लॉटिंगवाला. रोडच्या वरच्या अंगाला त्याचं नवं लेआउट पडलं आहे. मोठ्ठा फलक, त्यावर कारंजं, गोरी पोरं सायकलवर, आणि वर लिहिलंय 'गार्डन सिटी'. प्रत्यक्षात तिथे मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेघा आणि सुबाभूळ. त्या फलकाकडे बोट दाखवून इंजिनिअर म्हणाला, "हा शब्द तरी कोणाचा माहीत हाय का भाऊ तुमाले?"

ठेकेदाराला फक्त फ्लेक्सवाला माहीत होता.

मग पोरगा सुरू झाला. एबेनेझर हॉवर्ड नावाचा लंडनचा लघुलेखक, पार्लमेंटमधली भाषणं टिपून घेणारा. तरुणपणी, 1871 साली, अमेरिकेत नेब्रास्काला गेला आणि शेती करून पाहिली. मका लावला, बटाटे लावले. वर्षभरात गाशा गुंडाळला.

"नापिकी!" बापू एकदम खूश. "बोल, पुढं बोल. मानूस आपल्यातला हाय."

या माणसानं 1898 मध्ये मांडलं की लंडन फुगवत बसू नका. बाहेर शेतीच्या भावानं 6,000 एकर घ्या. मधल्या 1,000 एकरात 30 हजार लोकांचं गाव वसवा, कारखान्यांसकट. भोवतालची 5,000 एकर शेतीच राहू द्या, कायमची. शेतकऱ्याला दाराशी बाजार, गावाचा मैला-कचरा वावरात खत. आणि मुख्य गोष्ट, जमीन कोणालाच विकायची नाही. सगळी गावाच्या विश्वस्तांकडे. घरवाला, दुकानवाला, शेतकरी, सगळ्यांनी जमिनीचं भाडं भरायचं. त्यातून आधी कर्जाचं व्याज आणि मुद्दल फेडायचं. उरलं ते रस्ते, शाळा, म्हाताऱ्यांची पेन्शन. वस्ती वाढली की जमिनीचा भाव चढतो, भाडं चढतं, आणि तो चढलेला पैसा कोणा एकाच्या खिशात न जाता गावाकडे येतो.

हे ऐकून पार जरा वेळ गप्प होता. मीही. मला आजवर वाटायचं की उद्यान-नगर म्हणजे झाडं, लॉन आणि वळणाचे रस्ते. झाडं त्यात आहेतच, पण ती त्या हिशेबाच्या आधारानं उभी आहेत. जगभर लोकांनी झाडं उचलली आणि हिशेब तिथेच ठेवला. हे माझं मत. पारावर ते बोललो तेव्हा कोणी विशेष मनावर घेतलं नाही.

"कागदावर सगळंच हिरवं असते," ठेकेदार. "झालं का तसं कुठं?"

झालं, अर्धंमुर्धं. 1903 मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थला 3,818 एकर जमीन घेऊन यासाठीच काढलेल्या कंपनीनं काम सुरू केलं. भागधारकांना 5 टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा नाही हा नियम. आराखडा रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर यांचा. या अनविनचा हट्ट असा की एकरी 12 घरांच्या वर बांधू नका. दाटी करून शेवटी नफा होत नाही, तो रस्ते बांधण्यातच जातो.

गुरुजींनी तिथल्या तिथे भागाकार केला. "70 भागिले 5. आपले 14 झाले. फार वाईट नाही." मग ठेकेदाराकडे पाहून, "तुमचे किती?"

ठेकेदार खर्रा घोटत राहिला. घोटायला जरा जास्तच वेळ लागला. नंतर मात्र उसळून म्हणाला, "गुरुजी, एक सांगू? 5 टक्क्यावर पैसा कोन लावते? मले बँक त्याच्या वर व्याज लावते. एन.ए.चा खर्च, मोजणी, नाल्या, लाइटचे पोल, अन् इकडंतिकडं द्या लागते ते येगळंच. नफा नसन तं हा मुरूमही पडत नाई. तुमच्या सोसायटीत अजून नाल्या हायेत का? पावसाळ्यात प्लॉट नंबर 30 च्या खाली डोंगा लागते."

हे खरं होतं. इंजिनिअरनंही मान्य केलं. लेचवर्थलाही सुरुवातीची बरीच वर्षं लाभांश देता आला नव्हता. भांडवलदार हळूहळू पुढे आले आणि त्यांना खूश ठेवायला 99 वर्षांचे ठरल्या भाड्याचे पट्टे द्यावे लागले. हॉवर्डचं वाढतं भाडं तिथंच लंगडं झालं. 1907 चं लंडनमधलं हॅम्पस्टेडचं उद्यान-उपनगर तर सगळ्या थरांतल्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून हेन्रिएटा बार्नेट बाईंनी काढलं होतं. आज तिथे श्रीमंतांशिवाय कोणाला परवडत नाही.

"पण भाडेकरू सहभागीदारीचं तू सांगितलंच नाहीस," मी म्हणालो. मला तो शब्द सोडवत नव्हता.

ती गोष्ट पोरानं रंगवून सांगितली. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगला 1901 मध्ये बांधकाम कामगारांनी एकत्र येऊन सोसायटी केली. पुढारी हेन्री व्हिव्हियन, धंद्यानं सुतार, पुढे खासदार झाला. सुरुवात 9 घरांची. राहणाऱ्यानं सोसायटीचे शेअर घ्यायचे, एकदम जमत नसेल तर हप्त्यानं. भाडं भरायचं. भांडवलाचं व्याज, दुरुस्ती, कर भागून जे उरेल ते भाड्याच्या प्रमाणात राहणाऱ्यांनाच परत, पण हातात रोख नाही, शेअरच्या रूपात. गाव सोडून जायचं झालं तर घर विकायची भानगड नाही, शेअरची रक्कम आपली. बदलीच्या नोकरीवाल्याला याहून सोयीचं काय असेल? पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे 600 हून जास्त घरं झाली. ब्रेंटहॅम म्हणतात त्या वस्तीला.

"अन् आता?" ठेकेदारानं वर्मावर बोट ठेवलं.

"1930 नंतरच्या काळात सहभागीदारी मोडली. घरं बाहेरच्या कंपनीकडं गेली."

"बस्स! हेच म्हनून राहिलो मी. मानूस मानूसच असते. तिकडचा गोरा असो का इकडचा ग्रामसेवक."

एवढ्यात कंडक्टरभाऊ आला. त्याची शेवटची गाडी सुटायला अजून अर्धा तास होता. तो फलाटावरूनच ऐकत असावा, कारण आल्या आल्या त्यानं वेगळाच धागा ओढला. "हे समदं ठीक हाय. पन सोसायटीत घेतलं कोनाले, हे कोनी इचारत नाई. गुरुजी, तुमच्या 70 मधी आमच्या वस्तीतले किती?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "दोन. एक तुझे वडील."

"अन् ते काऊन? एसटीत होते म्हनून. दुसरे पोस्टात होते म्हनून."

इथे इंजिनिअरनं मुंबईचं उदाहरण काढलं. 1915 मध्ये गावदेवीला रावबहादूर श्रीपाद तालमकींनी सोसायटी उभी केली, अगदी या सहभागीदारीच्या नमुन्यावर; इमारती सोसायटीच्या, सभासद राहणारे. आपल्याकडच्या सहकारी घरबांधणीचा पायाच तो. पण नाव सारस्वत आणि सभासदही सारस्वत. भाडेकरूंचा एकमेकांवर भरवसा हवा, हप्ता बुडवणारा नको, म्हणून जातीचं कुंपण सोयीचं पडलं. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही सभासदत्व पारशांपुरतं ठेवायचा तिचा नियम उचलून धरला.

"मंग?" कंडक्टरभाऊ म्हणाला. "बाबासाहेब उगाच म्हनत होते का, गाव सोडा, शहरात चला? माहा आजा नागपूरच्या एम्प्रेस मिलमधी होता. मिलनं इंदोऱ्यात कामगारांसाठी आखीव वस्ती बसवली, तिकडचं तो सांगे. सरळ गल्ली, सामायिक नळ, अन् नळावर कोनी आडवत नाई. त्याले बगिच्याचं काई नव्हतं. नळाचं होतं."

यावर कोणी काही बोललं नाही. चहाचे ग्लास उचलले गेले. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं, पण वाद तिथून पुढे गेला नाही, दुसरीकडे वळला. पारावर असंच होतं.

दुसरीकडे म्हणजे रविवारच्या विषयाकडे. सोसायटीची ओपन स्पेस, अर्धा एकर. नकाशावर बगिचा, प्रत्यक्षात गाजर गवत, एक टिनाचं शेड आणि बुजवलेली विहीर. समितीतल्या काही जणांच्या मनात आहे की ती जागा लॉन आणि मंगल कार्यालयासाठी द्यायची. घेणारा कोण, हे आमच्या मागच्या फलकाकडे पाहिलं तरी कळतं.

"देऊन टाका," ठेकेदार शांतपणे म्हणाला. "पडीक हाय. भाव बरा भेटून राहिला."

"भाव कोनाचा?" हे बापूनं विचारलं. इतका वेळ तो पोराच्या गोष्टीत रमला होता, आता मात्र सावध झालेला दिसला. "ए इंजिनिअर, तुह्या त्या 5 टक्क्यानं हिशेब कर. गुरुजीनं 1,500 टाकले. चाळीस वर्सं. किती होते?"

"सरळ व्याजानं 3,000. मुद्दल धरून 4,500."

"अन् आज प्लॉट कितीचा?"

"अकरा लाखाचा गेला ना मागच्या महिन्यात," ठेकेदार म्हणाला. सौदा त्यानंच केलेला.

"मंग 4,500 गुरुजीचे. बाकीचे 10 लाख 95 हजार 500 कोनाचे? गुरुजीनं तं तिथं गवतही नाई उपटलं. रोड सरकारनं केला. कॉलेज आलं म्हनून भाव आला, बस आली म्हनून आला."

"तुझ्या बापाला त्या दिवसाचा चालू भाव दिला होता, बापू," गुरुजी म्हणाले. आवाज कापरा होता. "एक पैसा कमी नाही."

"मी कमी म्हनलंच नाई गुरुजी. मी इचारून राहिलो, वरचे कोनाचे."

इंजिनिअर म्हणाला, हॉवर्डचं उत्तर एकच, गावाचे. आणि ते स्वप्नच राहिलं असंही नाही. 1960 च्या सुमारास एका कंपनीनं लेचवर्थचे शेअर गोळा करून गावच गिळायला घेतलं, तेव्हा गावकरी उठले. 1962 मध्ये पार्लमेंटनं त्या एका गावासाठी कायदा केला आणि जमीन सार्वजनिक महामंडळाकडे गेली. 1995 पासून ती विश्वस्त संस्थेकडे आहे. दुकानांचं, कारखान्यांचं भाडं येतं, ते गावातच खर्च होतं. लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा. तिथल्या लोकांनी 2013 मध्ये ग्रामदान कायद्याखाली आपापली शेती ग्रामसभेच्या नावे केली.

"समद्यायनं?" बापू.

"समद्यायनं."

"मंग पीककर्ज कोन देते त्यायले? सातबारा कोनाच्या नावानं दाखवते?"

पोराला ते सांगता आलं नाही. बापू मान हलवत राहिला, पण ती मान नाही म्हणणारी नव्हती.

गुरुजींनी पिशवीतून पेन काढलं. कोरा कागद नव्हता, म्हणून खर्र्याच्या पुडीचं बाहेरचं पान सरळ करून इंजिनिअरपुढे ठेवलं. "लिही. ठराव क्रमांक सोड कोरा. संस्थेची खुली जागा विकण्यात किंवा दीर्घ मुदतीनं देण्यात येऊ नये."

"नुसतं नाई म्हनून नाई जमत," कंडक्टरभाऊ म्हणाला. "पैसा कुठून येईन तेही लिहा. शनिवार-इतवार जागा भाड्यानं द्या, लगनाले, बारशाले. भाडं सोसायटीत. त्यातून नाल्या. अन् नळ. एक नळ रोडच्या बाजूनं, कुंपनाच्या बाहेर, कोनीही भरावं असा."

ते लिहिलं गेलं. "विहीर उपसा," बापू म्हणाला, "पाणी हाय तिले, माह्या आज्यानं खोदली." तेही लिहिलं. ठेकेदार सगळं पाहत होता. त्याला राग आला नव्हता. सभेत 36 हात कोणाकडे आहेत हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चहाचे पैसे त्यानंच दिले.

"सूचक?" पोरानं विचारलं.

"मी," गुरुजी म्हणाले.

"अनुमोदक?"

बापूनं हात वर केला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग फाइलकडे. बापू सभासद नव्हता.