कॉलेज बास्केटबॉलवरचा नकलेचा आरोप

मार्चमध्ये अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा रंगात आली, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: पूर्वी कॉलेजचा खेळ डोक्याचा होता. मग कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएनं व्यावसायिक लीग एनबीएची नक्कल करत शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ, आणलं आणि तीन गुणांची रेषा आखली. डावपेच मेले, लहान कॉलेजांची संधी गेली, उरली ती नुसती फेकाफेक. आणि जुनी नियम समिती किती कडक होती म्हणून सांगायचं, तर तिनं डंकवरही, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावरही, बंदी घातली होती म्हणे!

आधी नकलेचं बघू. रिंगकडे खाली येणारा चेंडू वरच्या वर झटकायला कॉलेजांनी 1944-45च्या मोसमापासून मनाई केली. कारण होते बॉब कर्लंड आणि जॉर्ज मायकन हे दोन धिप्पाड खेळाडू, जे रिंगखाली उभे राहून प्रतिस्पर्ध्याचे गुण अक्षरशः हातानं पुसून टाकत. तेव्हा एनबीएचा पत्ताही नव्हता. रिंगखालचा पट्टा रुंद करण्यात एनबीए पुढे होती, हे कबूल. पण घड्याळाच्या बाबतीत ‘नक्कल’ म्हणणं हा विनोदच आहे. एनबीएनं 24 सेकंदांचं घड्याळ लावलं 1954 मध्ये. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबानं 30 सेकंदांची मर्यादा आणली 1956 मध्ये. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलीसुद्धा 1970च्या सुमारापासून 30 सेकंदांत खेळत होत्या. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलला जाग आली 1985-86 मध्ये, तीही 45 सेकंदांची. 1993-94 मध्ये त्याचे 35 झाले आणि 2015-16 मध्ये 30. अख्ख्या जगाच्या मागून, पाय ओढत येणाऱ्याला नक्कल करणारा कसं म्हणायचं? तीन गुणांची रेषाही 2019-20 मध्ये मागे सरकली ती फिबाच्या अंतरावर. एनबीएची रेषा अजून त्याच्याही मागे आहे.

आता तो ‘डोक्याचा खेळ’. 8 मार्च 1968. एसीसी या कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेचा उपांत्य सामना, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विरुद्ध ड्यूक. घड्याळ नव्हतं, त्यामुळे चेंडू हवा तितका वेळ धरून ठेवता यायचा. मध्यंतराला धावफलक 4-2. अंतिम निकाल 12-10. हा चाळीस मिनिटांचा बास्केटबॉलचाच सामना होता, बुद्धिबळाचा नव्हे. 1982च्या एसीसी अंतिम सामन्यात तर एका बाजूला मायकल जॉर्डन आणि जेम्स वर्दी, दुसऱ्या बाजूला सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. असे खेळाडू मैदानात असताना शेवटची सात-एक मिनिटं नॉर्थ कॅरोलिनानं एका गुणाच्या आघाडीवर चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवला, आणि व्हर्जिनियाचे खेळाडू सॅम्पसनला रिंगजवळ ठेवून, पुढे न येता बघत राहिले. 47-45. नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी नियमात बसेल तेच केलं, त्यांना दोष नाही. दोष नियमाचा होता. पुढच्याच मोसमात एसीसीनं घड्याळ आणि तीन गुणांची रेषा दोन्ही प्रयोग म्हणून लावून पाहिले.

आणि घड्याळ आल्यावर डावपेच मेले का? 1996च्या एनसीएए स्पर्धेत गतविजेत्या यूसीएलएसमोर उभं होतं प्रिन्स्टन, तेराव्या मानांकनाचं. घड्याळ 35 सेकंदांचं. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांची पोरं ती 35 सेकंदं पुरेपूर वापरायची: पास, पुन्हा पास, आणि बचाव करणाऱ्याची नजर चेंडूवर खिळली की त्याच्या पाठीमागून आत घुसायचं. 41-41 अशी बरोबरी. शेवटचे काही सेकंद. गेब लुलिसनं एकदा आत जाऊन पाहिलं, पास आला नाही. तो बाहेर आला आणि पुन्हा त्याच वाटेनं मागून घुसला. या वेळी स्टीव्ह गुडरिचचा पास बरोबर हातात, बोर्डाला लावून लेअप, म्हणजे रिंगच्या अगदी जवळून टाकलेला शॉट. 43-41. संपूर्ण अमेरिकेला ठाऊक असलेला डाव, तरी अडवता आला नाही. डोकं म्हणतात ते हे. 2019 मध्ये व्हर्जिनिया विजेती झाली तीही संथ खेळासाठी प्रसिद्ध असलेली टीम, आणि घड्याळ होतं 30 सेकंदांचं.

लहान कॉलेजांच्या संधीबद्दल बोलणारे नेहमी 1985चं व्हिलानोव्हा दाखवतात. स्पर्धेत घड्याळ नाही, जॉर्जटाउनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध 28 पैकी 22 शॉट आत, 66-64. थोर सामना, वादच नाही. पण पुढचंही सांगा ना! सोळाव्या मानांकनाच्या संघानं पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या संघाला पहिल्यांदा हरवलं ते 2018 मध्ये: यूएमबीसीनं त्याच व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं. 2023 मध्ये फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला घरी पाठवलं. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, आणि फेअरली डिकिन्सन ही सरासरी उंचीत देशातली सर्वांत बुटकी टीम. त्याआधी 2022 मध्ये पंधराव्या मानांकनाचं सेंट पीटर्स शेवटच्या आठांत पोहोचलं होतं. हे तिन्ही पराक्रम 30 सेकंदांच्या घड्याळातले. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, तेव्हा उंची नसलेल्या संघालाही हत्यार मिळतं. या रेषेला नाकं मुरडणारे प्रशिक्षक बॉब नाइट यांची इंडियाना टीम तर रेषा देशभर लागू झाली त्याच मोसमात, 1987 मध्ये, विजेती ठरली. अंतिम सामन्यात स्टीव्ह ऑल्फर्डनं त्या रेषेबाहेरून दहांपैकी सात टाकले!

राहिली डंकवरची बंदी. तिचा अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. 1967-68 ते 1975-76 अशी ती चालली. अधिकृत कारण दुखापती आणि मोडणाऱ्या रिंगा हे होतं, पण ल्यू अल्सिंडॉरसाठी, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारसाठी, हा नियम केल्याचं तेव्हाही बोललं जायचं. त्यानं बंदीतही दोन अजिंक्यपदं जिंकली. डेव्हिड थॉम्पसनसारख्या उडी मारणाऱ्याला मात्र सगळं कॉलेज चेंडू हवेतून अलगद सोडत काढावं लागलं. 1975 मध्ये घरच्या शेवटच्या सामन्यात त्यानं एकदाचा डंक मारलाच, आणि पंचांनी टेक्निकल फाउल दिला.

तक्रारच करायची तर खरी जागा वेगळी आहे. एनबीए, फिबा आणि 2015-16 पासून कॉलेजच्या मुलीही चार क्वार्टर खेळतात, दर क्वार्टरला संघाचे फाउल शून्यावर येतात. कॉलेजच्या मुलांचा सामना मात्र अजून दोन हाफमध्येच अडकलाय. एका हाफमधल्या सातव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचा शॉट, तो आत गेला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं फ्री थ्रोच्या रांगेत संपता संपत नाहीत.