चारचौघांतली कानउघाडणी

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला आठवडाभर एकच वाद चालू आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या चुलत भावाच्या हाताखाली कार्यालयात बारा माणसे आहेत. त्याने सोमवारच्या बैठकीत एका नव्या मुलीच्या अहवालातील चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या, ‘तुझे लक्षच नसते’ असे सुनावले, आणि दोन दिवसांनी तिने राजीनामा दिला. दादाचे म्हणणे असे, की गुरूंनी भर शिष्यांत कान उपटले म्हणूनच ग्वाल्हेरचे गाणे घडले. जर्मनीत, श्टुटगार्टला राहून मीच नाजूक झालो आहे, असेही तो म्हणतो.

नाजूक झालो, हे मला मान्य नाही, आणि गाण्याचा दाखला तर मुळीच मान्य नाही. संगीतशास्त्री भातखंडे यांच्या साह्याने १९१८ साली निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयात लहानपणी मी तीन वर्षे शिकलो. माझा कोमल गंधार चढा लागला, की गुरुजी थांबवीत, तेवढीच जागा स्वतः गाऊन दाखवीत आणि ती माझ्या गळ्यातून बरोबर येईपर्यंत पुढे जात नसत. त्यांचा आवाज चढे, हे खरे. पण बोलणे स्वराविषयी असे, माझ्या कुवतीविषयी नसे. दादाने गुरुजींचा चढलेला आवाज तेवढा उचलला आणि गाऊन दाखवणे सोडून दिले.

क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरील जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडल्याचे त्यांना आढळले. लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःकडे वळले, की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांनी मांडले. ‘तुझे लक्षच नसते’ यातून ती मुलगी काय सुधारणार? ‘मार्चच्या तक्त्यात दोन रकमा दोनदा धरल्या गेल्या, त्यामुळे ग्राहकाला चुकीचा आकडा गेला, पाठवण्यापूर्वी बेरीज कशी ताडून पाहतेस, ते मला दाखव,’ असे त्याच दिवशी, दार लावून सांगितले असते, तर तिच्या हाती काहीतरी लागले असते.

माझ्या इथल्या कामाच्या गटात आम्ही हेच करतो. प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या परीक्षण काळात असलेल्या माणसाबरोबर दर दोन आठवड्यांनी अर्धा तास बसतो, चूक स्पष्ट सांगतो, आणि फायरआबेंड, म्हणजे दिवसाचे काम संपण्याची वेळ झाली, की तो विषय मनातही उरत नाही. आपल्याकडे हे चालणार नाही, असे दादा म्हणतो तेव्हा मला राग येतो, कारण न चालण्यासारखे यात काहीच नाही.

तरीही एक गोष्ट मी गटावर लिहिलेली नाही. माझ्या इथल्या पहिल्या कंपनीने निरोपाच्या आर्बाइट्सत्सॉयग्निसमध्ये, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या कामाच्या प्रमाणपत्रात, माझे काम ‘पूर्ण समाधानकारक’ म्हटले होते, आणि मी ते अभिमानाने आईला वाचून दाखवले. त्यात ‘नेहमी’ हा शब्द नाही, म्हणजे काम मध्यम ठरले, हे पुढे एका सहकाऱ्याने समजावले. तीन वर्षांत एकाही वरिष्ठाने तसे तोंडावर सांगितले नव्हते. त्या रात्री मला गुरुजी आठवले. माझ्या चुकीसाठी आवाज चढवावा, इतका मी या शहरात कोणाचाच नव्हतो. दादाला ती मुलगी आपली वाटते म्हणून तो रागावला, हे मला कळते. तिला ते कळावे, असे मात्र तो काहीच बोलला नाही.

तिच्या नोटिशीचे अजून अकरा दिवस आहेत. तिला एकटीला बोलावून, तो अहवाल समोर ठेवून बसायला तेवढे पुरेसे आहेत, हे मी आज दादाला गटावर न लिहिता फोन करून सांगितले.