परदेशी शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यांना काही हितोपदेश

परदेशातील शाळेत शिकवण्याची इच्छा ज्यांच्या मनात आली आहे, अशा सर्व शिक्षक बंधुभगिनींचे अभिनंदन. आपल्याला विषय येतो, साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो आणि पालकसभेतून आपण हसतमुखाने बाहेर येता, या गुणांचा पुढील कामात काडीचाही उपयोग होत नाही, एवढे प्रथम ध्यानात घ्यावे. उपयोग होतो तो कागदांचा; आणि ते कागद लंडनमध्ये किंवा दुबईत अडत नाहीत, चर्चगेट ते बोरिवली यांच्या दरम्यान कुठेतरी अडतात. गेल्याच महिन्यात माझा एक कागद असा अडला की हातातली नोकरी गेली, त्यामुळे या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला आता रीतसर प्राप्त झाला आहे.

प्रथम देश निवडावा. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देश-प्रदेशांतील गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी ‘क्यूटीएस’चा, म्हणजे पात्र शिक्षक दर्जाचा, मार्ग खुला केला आहे. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, अनुभव आणि इंग्रजी, असे सारे तिथे सरळ लिहून ठेवलेले आहे आणि या अर्जाला शुल्क नाही. ही शेवटची गोष्ट मात्र आपल्या एजंटाला सांगू नये, त्याचे मन दुखावेल.

ऑस्ट्रेलियाला जायचे असल्यास ‘आयईएलटीएस’ या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनात किमान ७ आणि बोलण्या-ऐकण्यात किमान ८ गुण लागतात. पैकी ऐकण्याची तयारी मुंबईत विनामूल्य होते, कारण येथील कोणत्याही खिडकीपुढे उभे राहिल्यावर माणसाला ऐकण्यावाचून दुसरे काम उरत नाही. शिवाय बी.एड.च्या काळात निदान ४५ दिवस प्रत्यक्ष वर्गात देखरेखीखाली शिकवल्याचा पुरावा मागतात. तो मागण्यासाठी जुन्या महाविद्यालयात गेल्यास ‘सराव पाठ किती झाले ते लिहून देऊ, दिवस कुठून आणायचे?’ असा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल. उत्तर तयार ठेवावे.

दुबईचे स्वप्न पाहणाऱ्यांनी शिक्क्यांची आवड जोपासावी. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या करारात आहे, परंतु संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. म्हणून पदवीवर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील परराष्ट्र मंत्रालयाच्या विदेश भवनाची इमारत बाहेरून अवश्य पाहून घ्यावी, कारण परराष्ट्र मंत्रालय असे कागद २०१२ पासून कोणाकडूनही थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फतच घेते. ज्या देशांना अपोस्टिल चालते त्यांच्यासाठी सरकारी शुल्क प्रति कागद ५० रुपये आहे. प्रत्यक्षात आपल्या खिशातून गेलेल्या रकमेशी या आकड्याचे काही नाते आढळल्यास कृपया कळवावे.

पोलिसांचा दाखला लवकर काढू नये, कारण त्याची मुदत संपते. आणि उशिरा काढू नये, कारण नोकरीची मुदत संपते.

विद्यापीठाकडून आलेला गुणपत्रिकांचा मोहोरबंद लिफाफा ‘आत काय आहे बघू तरी’ म्हणणाऱ्या आप्तांपासून दूर ठेवावा.

महिलांनी तर दहावीचा अर्ज भरतानाच होणाऱ्या नवऱ्याचे आडनाव शोधून ठेवावे. तसे न केल्यास गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी, पदवीवर वडिलांचे नाव मध्ये आणि पारपत्रावर तिसरेच काही, अशा तीन स्त्रिया तयार होतात आणि त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र लागते. माझ्या गुणपत्रिकेवर नावाआधी एक तिरकी रेघ आहे. मुलींच्या नावाआधी ती छापण्याची पद्धत होती. ही रेघ नावाचा भाग आहे काय, अशी लेखी विचारणा मला परदेशातून झाली. विचारणाऱ्याचा त्यात काय दोष?

आता अनुभवाच्या दाखल्याकडे वळू. हा दाखला मागताना चेहरा पडलेला आणि आवाज दबका असावा. आपण परदेशी चाललो आहोत हे सांगू नये. सांगितल्यास ‘मग आमच्या दाखल्याची काय गरज?’ असे ऐकावे लागेल. परदेशी शाळा विचारते की या बाईंनी कोणता विषय, कोणत्या वयाच्या मुलांना, आठवड्याला किती तास, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकवला. आपली शाळा उत्तर देते की, ‘श्रीमती अमुक या आमच्याकडे सहाय्यक शिक्षिका होत्या, त्यांची वर्तणूक समाधानकारक होती, त्यांस शुभेच्छा.’ विषय लिहा म्हटले की ‘आमचा नमुना हाच आहे.’ मुख्याध्यापिका म्हणतात संस्थेला विचारा, संस्थेचे सचिव शनिवारी बसतात, शनिवारी लिपिक निवडणुकीच्या कामावर असतो आणि गोल शिक्का त्याच्या कपाटात असतो. असे हेलपाटे घालून अखेर तारखांसह दाखला मिळाला, तर त्यातली पहिली काही वर्षे गायब. का, तर तेव्हा आपण ‘तासिका तत्त्वावर’ होतात. म्हणजे दहावीचे निकाल आमच्या जिवावर लावले, वर्गशिक्षक म्हणून राबवून घेतले, स्नेहसंमेलनात मुलांच्या रांगा सांभाळायला लावल्या, आणि कागदावर आम्ही तिथे नव्हतोच!

पगाराचे तर बोलूच नये. सही एका आकड्यावर, खात्यातही तोच आकडा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला ठरलेला भाग पाकिटातून कार्यालयात परत. हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही पगाराच्या चिठ्ठ्या पुरावा म्हणून मागितल्या की कार्यालयाला एकदम गोपनीयता आठवते.

आणि मेल. परदेशी शाळेने पडताळणीसाठी माझ्या जुन्या शाळेच्या अधिकृत पत्त्यावर मेल पाठवला. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले. उत्तर नाही. मी फोन केला, तेव्हा कार्यालयातून शांतपणे सांगण्यात आले, ‘बाई, बाहेरून आलेले असले मेल आम्ही उघडत नाही, व्हायरस असतो.’ मुदत संपली आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. व्हायरस!

आता उपरोध पुरे. संस्थाचालकहो, हा दाखला म्हणजे तुमची मेहेरबानी नव्हे. माणूस तुमच्याकडे कधी आला, त्याने काय शिकवले आणि तो कधी गेला, एवढे खरे लिहून द्यायला तुमचा एक पैसा खर्च होत नाही. तरी तुम्ही ते अडवता, कारण अडवणे एवढीच सत्ता तुमच्या हातात आहे आणि शिक्षक निघून गेला की तासिका तत्त्वावर दुसरा राबायला मिळेल की नाही याची तुम्हाला भीती आहे. शिक्षक टिकावेत असे वाटत असेल तर ज्या आकड्यावर सही घेता तेवढा पगार द्या. कागद दाबून कोणी टिकत नाही, फक्त तुमच्याविषयी उरलासुरला आदर जातो. आणि मुख्याध्यापक मंडळींनो, तुम्हीही कधीकाळी याच खुर्चीपुढे दाखल्यासाठी उभे होतात; तेव्हा ‘संस्थेला विचारा’ हे पालुपद आता सोडा. नोंदवही कपाटात आहे. ती काढा, तारखा, विषय आणि तास लिहा, सही करा, जावक क्रमांक टाका. आणि शाळेचा मेल रोज उघडा, कारण तुमच्या कार्यालयात आता या क्षणीही कोणाची तरी नोकरी न वाचलेली पडली असेल.